वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र : नवी शाखा मंजूर करण्याआधी कंपनीचे करार मागवा

मा. वाणिज्यमंत्री महोदय,

सुपरमार्केट साखळीच्या नव्या शाखेवरून वाद पेटला, की कंपनी नोकऱ्यांचा आकडा पुढे करते आणि विरोधक बंद पडणाऱ्या दुकानांचा. कंपनीच्या आकड्यातून त्या दुकानांतल्या नोकऱ्या वजा केल्या आहेत का, एवढे जरूर तपासा. पण खरी मेख जमिनीच्या कागदांत आणि पुरवठादारांच्या करारांत असते.

जादा भूखंड विकताना साखळी खरेदीखतात अट घालते, की इथे किराणा विकायचा नाही. व्यापारी संकुलाच्या मालकाकडूनही ती लिहून घेते, की दुसऱ्या किराणावाल्याला गाळा द्यायचा नाही. मग स्पर्धक उभा राहणार कुठे? ब्रिटनने २०१० मध्ये आदेश काढून अशा अटींना लगाम घातला. तरीही २०१० ते २०१८ या काळात टेस्को या तिथल्या बड्या सुपरमार्केट साखळीने तो आदेश २३ वेळा मोडल्याचे तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये जाहीर केले. नुसत्या बंदीने भागत नाही ते यामुळेच. शाखेच्या अर्जासोबतच मोटारीने १० मिनिटांच्या टापूतल्या कंपनीच्या सर्व जमिनी, भाडेपट्टे आणि त्यांतल्या अटी मागवा.

पुरवठादाराचे दुखणे वेगळे आहे. माल कमी आला, सवलत योजनेतला वाटा, फळीवरच्या जागेचे पैसे, अशी कारणे दाखवून बिलातून रक्कम परस्पर कापली जाते. पुढची ऑर्डर साखळीच्या त्याच खरेदी अधिकाऱ्याच्या हातात असल्याने पुरवठादार तोंड उघडत नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत आणि इतर अन्नमालाचे ६० दिवसांत द्यावे लागतात; नाशवंत मालाची ऑर्डर माल पोहोचवण्याला ३० दिवसांपेक्षा कमी उरले असता रद्द करता येत नाही. असे नियम आपल्याकडे करा आणि त्यांना आणखी एक कलम जोडा : कपातीची लेखी सूचना आधी द्यावी, हरकतीला ३० दिवस मिळावेत आणि हरकत निकाली निघेपर्यंत पैसे कापू नयेत.

आणि दंडाचा अधिकार पहिल्याच दिवसापासून द्या. पुरवठादारांचे पैसे टेस्कोने जाणूनबुजून अडकवून ठेवले, असा निष्कर्ष सुपरमार्केट पुरवठादारांशी कसे वागतात यावर लक्ष ठेवणाऱ्या ब्रिटनच्या किराणा संहिता नियामकाने जानेवारी २०१६ मध्ये काढला. दंड मात्र शून्य, कारण तो अधिकार नियामकाला एप्रिल २०१५ मध्ये मिळाला आणि गैरप्रकार त्याआधीचे होते. आता तिथे उलाढालीच्या १ टक्क्यापर्यंत दंड करता येतो. आपल्या नियामकाला तो अधिकार द्या, कंपनीचे मालखरेदीचे हिशेब स्वतःहून तपासण्याची मुभा द्या आणि तक्रारदाराचे नाव गुप्त राहील असे कायद्यातच लिहा.

आपले,
किराणा पुरवठ्याचे करार तपासणारे कार्यकर्ते