सावल्या आधी, डोळे मागाहून

प्रिय सई,

तू तेलरंगात करतेयस त्या चेहऱ्याच्या चित्राचा फोटो मोठा करून बघितला. पापण्यांचे केससुद्धा झालेत आणि कवटीचा मात्र पत्ता नाही! रागावू नकोस, पण आता डोळ्यांना हात लावू नकोस. मॉडेलकडे डोळे किलकिले करून बघ. बारकावे विरतील आणि उजेडाचे व सावलीचे चार-पाच मोठे आकार उरतील. साम्य येतं ते त्यांतूनच. ओळखीचा माणूस लांबूनही कळतो. तेव्हा त्याच्या पापण्या कुठे दिसतात?

म्हणून पहिला थर बिनरंगी ठेव. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, आणि पांढरा, बस्स. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर सुकतो. खालच्या थराला असाच रंग हवा. आयव्हरी ब्लॅक फार रेंगाळतो, तो खाली नको. रंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. तेलकट थर आधी दिलास आणि त्यावर कमी तेलाचा, तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि पुढे तडे जातात. तेव्हा खाली टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग आणि वर चढत जाताना तेल थोडं थोडं वाढवायचं.

रंगाकडे वळलीस की पॅलेट भरू नकोस. स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्नच्या नावाने चार रंगांचं पॅलेट ओळखलं जातं: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा. त्यात निळा नाही. पण काळ्यात पांढरा मिसळून तो करडा उबदार त्वचेशेजारी लाव, निळसर दिसेल. मला तर याची दर वेळी गंमत वाटते.

आता डोळे, तू ऐकणार नाहीसच. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा रंगवू नकोस. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, शिवाय तो गोल आहे, कडेला वळत जातो. कपाळावरच्या उजेडाशेजारी ब्रश धरून ताड, तो बराच गडद निघेल. शुद्ध पांढऱ्याच्या जवळ जाणारा एकच ठिपका, चमकेचा. तो सगळ्यात शेवटी, एका फटक्यात, आणि परत घोटायचा नाही.

एक मात्र बजावून सांगतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून वाळव, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवून ठेव.

तुझा,
बाबा