सेव्हिलच्या मावशींना, एका ब्रोचबद्दल

मावशी,

तुम्हाला मराठी येत नाही. हे पत्र मी तुमच्या भाचीच्या फोनवर पाठवीन आणि ती तिच्या परीने तुम्हाला वाचून दाखवील. तरीही सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण त्या संध्याकाळी तुमच्याआधी आम्हाला जे जे भेटले, त्यातल्या काहींना मराठी उत्तम येतं.

आमची स्पेनची सहल ज्यांनी आखून दिली, त्यांनी तुमच्या पवित्र सप्ताहाचं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याचं, वर्णन ‘वसंतोत्सव’ एवढंच केलं होतं. सोबत फुलांचे फोटो आणि खाली एक ओळ: सेव्हिल हे पायी फिरायचं शहर आहे. त्या ओळीत खोटं काही नव्हतं. सांताक्रूझच्या बोळांतून आई अशी फिरली की गुडघ्याचा पट्टा बॅगेतच राहिला. झाडांवर नारिंगाची फुलं आली होती, त्यांचा वास सगळ्या गल्ल्यांत भरून राहिलेला. कॅथेड्रलच्या हिराल्डा मनोऱ्यावर तर ती माझ्या आधी पोचली. 1198 साली पुरा झालेला हा मूळचा मशिदीचा मिनार. वर जायला पायऱ्यांऐवजी उतार आहेत, मुअज्जिनाला घोड्यावरून जाता यावं म्हणून, असं सांगतात. बांधणाऱ्याच्या घरी गुडघेदुखी असणार, असं आईचं मत.

पण पवित्र गुरुवारी हे पायी फिरायचं शहर मधोमध दुभंगतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. साठच्या आसपास बंधुसंघ त्या आठवड्यात आपापल्या चर्चमधून मूर्ती घेऊन कॅथेड्रलला जातात आणि परत येतात. कुठूनही निघाले तरी शेवटचा टप्पा सगळ्यांचा एकच: काम्पाना, सिएर्पेस, सान फ्रान्सिस्को चौक, कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यू. त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडलेल्या आणि मध्ये मिरवणुकांची ओळ. आमची राहायची जागा पलीकडे, म्युझियमच्या चौकाजवळ. आम्ही अलीकडे, साल्वादोर चर्चपाशी. सहलवाल्यांच्या कागदावर अंतर ‘पायी दहा मिनिटे’ होतं.

त्यांना फोन केला, तर नकाशा बघा म्हणाले. जागेच्या मालकाला मेसेज केला, त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. हा अंगठा मी अजून पुसलेला नाही, कधीतरी उपयोगी पडेल.

गर्दीला आई घाबरली नव्हती. आळंदी ते पंढरपूर चाललेली बाई आहे ती. उलट ती रमली होती. मूर्तीच्या चौथऱ्याखाली तीस-चाळीस माणसं शिरतात आणि तो सगळा डोलारा मानेमागच्या मणक्यावर तोलतात. त्यासाठी डोक्याला जे गुंडाळलेलं कापड लावतात, ते बघून आई म्हणाली, “अगं, ही तर चुंबळ!” मग उंच टोकदार टोप्यांनी चेहरा झाकलेले लोक आले. हे तोंड का झाकतात, असं तिने विचारलं. प्रायश्चित्त कोण करतंय ते कुणाला कळू नये म्हणून, असं मी वाचलेलं सांगितलं. तिला ते पटलं. एका झाकलेल्या माणसाने बाजूच्या पोराच्या हातावर गोळी ठेवली, दुसऱ्याने मेणबत्ती वाकवून एका मुलीच्या मेणाच्या गोळ्यावर मेण टपकवलं. ती पोरं वर्षानुवर्षं तो गोळा वाढवत नेतात. आई हे सगळं टक लावून बघत होती, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी बाबागाडीच्या चाकात तिच्या इरकलीचा काठ अडकला.

साडी ओढली गेली आणि आतल्या परकराची नाडी तुटली.

हे वाचणाऱ्या बायकांना पुढचं सांगायला नको. पुरुषांसाठी सांगते. सत्तरीची बाई, परका देश, चारी बाजूंनी माणसं खेटून उभी, आणि निऱ्यांचा गोळा दोन्ही मुठींत पोटाशी धरलेला. हात सोडला तर सगळंच सुटणार. चालता येत नाही, बसता येत नाही, माझा आधार घ्यायला हातही मोकळा नाही. आई रडली नाही. ती नुसती खाली बघत राहिली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

शेजारीच आपल्याकडचा एक मोठा ग्रुप उभा होता. मी पिन मागितली. एका बाईंनी पर्स न उघडताच सांगितलं, “म्हणून मी सगळ्यांना सांगते, बाहेर येताना पँट घालावी. साडी कशाला?” दुसरीने मान डोलावली. तिच्या ड्रेसच्या खांद्यावर पिन होती, मला दिसत होती. असो.

तुम्ही तेव्हा सगळ्यांच्या पुढे होतात. काळा पोशाख, डोक्यावर उंच कंगवा आणि त्यावरून खांद्यांपर्यंत उतरलेली काळी जाळीदार मॅन्टिला. तुम्ही मागे वळून पाहिलंत ते बहुधा माझा आवाज चढला म्हणून. आधी माझ्याकडे पाहिलंत, मग आईच्या मुठींकडे. भाषेचा प्रश्नच आला नाही. आईच्या दंडाला धरून, गर्दीला दुसऱ्या हाताने बाजूला सारत तुम्ही आम्हाला एका घराच्या दारापर्यंत नेलंत आणि बेल दाबलीत. दार उघडणाऱ्या गृहस्थांना तुम्ही ओळखत नव्हतात, हे भाचीने नंतर सांगितलं. त्यांनी दोन वाक्यं ऐकली, आम्हाला रंगीत फरश्यांच्या त्या छोट्या देवडीत आत घेतलं, आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून दारात उभे राहिले. पाठ करून. एकदाही वळले नाहीत. त्यांनाही माझा नमस्कार सांगा, घर तुम्हाला सापडेल.

तुटलेली नाडी गाठ मारायलाही पुरेना. तुम्ही मॅन्टिलाच्या दोन टाचण्या काढून पाहिल्यात, त्या कापडाच्या जाडीपुढे वाकल्या. मग तुम्ही हात मानेमागे नेलात आणि मॅन्टिला जिथे एकवटून बसवलेली असते तिथला ब्रोच काढलात. एका क्षणाचाही विचार केला नाहीत. ब्रोच निघताच इतका वेळ नीट बसलेली ती जाळी एका बाजूला ओघळली. दोन्ही खांद्यांवर ती सारखी पडावी म्हणून आरशासमोर किती वेळ जातो, तेही मला भाचीनेच सांगितलं. तुम्ही गुडघ्यावर बसलात, परकर आणि निऱ्या एकत्र घेऊन ब्रोच आतून लावलात, दोनदा ओढून पाहिलात. आणि मग, मावशी, तुम्ही निऱ्यांवरून वरून खाली हात फिरवलात. साडी नेसून झाल्यावर आपल्याकडे धाकटी बहीण किंवा लेक खाली बसून निऱ्या सारख्या करते ना, अगदी तसाच. तुम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती, साडी आधीच पक्की झाली होती. आईने मान वर केली ती त्यानंतर.

पिन कुणीही दिली असती, असं मला म्हणायचं होतं, पण कुणीही दिली नव्हती. आणि दिली असती, तरी तो हात फिरला नसता.

तिथून तुम्ही आम्हाला पलीकडे कसं नेलंत, कुठे थांबवलंत, कुठल्या मिरवणुकीची शेपटी कशी गाठलीत, ते सगळं सांगत बसत नाही. एन्कार्नासिओन चौकातल्या लाकडी छत्र्यांखालून उत्तरेला वळसा घेतला एवढं आठवतं. तुमची भाची घडीचं स्टूल घेऊन पुढे, आणि दर थोड्या वेळाने ते आईसाठी उघडलं जायचं. एका हाताने तुम्ही घसरणारी मॅन्टिला धरलेली, दुसऱ्या हाताने आईला.

सान लोरेन्सोच्या चौकात बसलो, तेव्हा भाचीने सांगितलं की तुम्ही दुपारपासून साल्वादोरसमोर उभ्या होतात, ‘पासिओन’ बाहेर पडताना बघायला. मार्तिनेस मोन्तान्येसने कोरलेला तो ख्रिस्त चांदीच्या चौथऱ्यावरून निघतो. आपणच घडवलेली ही मूर्ती बघायला मोन्तान्येस स्वतः रस्त्यांच्या कोपऱ्यांवर जाऊन उभा राहायचा, अशी तुमच्याकडे गोष्ट आहे. तुमची पहिल्या रांगेतली जागा गेली. मी माफी मागायला लागले, तर तुम्ही समोरच्या चर्चकडे बोट दाखवलंत. तिथला ‘ग्रान पोदेर’ 1620 साली हुआन दे मेसाने कोरला, आणि मेसा मोन्तान्येसचाच शिष्य. तो मध्यरात्रीनंतर निघणार होता. गुरू हुकला तर शिष्याचं दर्शन घेईन, असा तुमचा हिशोब भाचीने हसत हसत सांगितला.

दाराशी पोचल्यावर आईने आत जाऊन नाडी बदलली आणि ब्रोच घेऊन खाली आली. तुम्ही तो पर्समध्ये टाकणार होतात, तिने टाकू दिला नाही. तुम्हाला दुकानाच्या काचेसमोर उभं केलं, कंगव्यावरून जाळी सारखी केली, मागे चुण्या घेतल्या, ब्रोच लावला आणि दोनदा ओढून पाहिला. डोक्यावरून पदर घेऊन हयात गेलेल्या बाईचा हात होता तो. भाची म्हणाली, घरून निघताना इतकी चांगली बसली नव्हती.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. तुमच्या गावात पुण्य करणारा तोंड झाकून चालतो, मग मी कशाला उघडं पाडू? एवढं मात्र म्हणते, की माणसाला मदत करताना त्याची लाज आधी झाकावी आणि रस्ता नंतर दाखवावा, हे फार थोड्यांना सुचतं. आमच्याकडेही अशी माणसं आहेत. मिरजेच्या स्टेशनवर बाळंतीण बाईभोवती चादरी धरून उभ्या राहिलेल्या भाजीवाल्या मी पाहिल्या आहेत. त्या आणि तुम्ही एका जातीच्या. उपदेश करणाऱ्या बायका वेगळ्या, त्याही सगळीकडे असतात.

दुसऱ्या दिवशी आईचे बूट रस्त्यावरच्या मेणाने चुईचुई वाजत होते आणि ती एका खानावळीत पालक-हरभऱ्याची भाजी दोनदा मागून खात होती. उपवासाच्या दिवसांत तुमच्याकडे ही भाजी करतात हे कळल्यावर तर तिने गावाला पूर्ण मार्क दिले. जिरं, लसूण, सगळं बरोबर पडलं होतं म्हणते.

तिचा निरोप आहे. देवडीत बसताना-उठताना तुमचा डावा गुडघा धरला, ते तिने पाहिलं होतं. ओवा घालून तिळाचं तेल कोमट करायचं आणि रात्री वरून खाली चोळायचं, उलट नाही. जिने उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा. आणि पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी एवढा वेळ उभं राहू नका, भाचीचं स्टूल कशाला आहे?

तुमची,
इरकलवाल्या बाईंची लेक