मेंदूज्वरानंतर बाळाच्या कानांचं काय?

महोदय,

माझ्या नातीला सातव्या महिन्यात जिवाणूंमुळे मेंदूज्वर झाला. ताप उतरला, सुट्टी मिळाली. कानांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पोळ्याला दारात ढोल कडाडला, मांजर पळालं, पोर मात्र पाठमोरी खुळखुळ्याशी खेळतच राहिली. सूनबाई म्हणाली, "आबा, हिला ऐकू येत नाही."

मग जळगावला 'बेरा' चाचणी केली. पोरीला झोपवलं, कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या, कानात टकटक आवाज सोडला. कानाची नस तो मेंदूकडे पोहोचवते का, हे स्क्रीनवरच्या लाटा सांगतात. ना सुई, ना बाळाने उत्तर द्यायची गरज. आवाज पोहोचल्याची मुख्य खूण म्हणजे त्यातली पाचवी लाट; ती मोठ्या आवाजालाही उमटली नाही.

या आजारात आतल्या कानाचा शंख हाडासारखा कडक होऊ शकतो, मग कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) बसवणं अवघड. म्हणून तपासणी घरी सोडण्यापूर्वी, फार तर चार आठवड्यांत व्हावी. आमचे तीन महिने गेले. डिस्चार्ज कार्डावर बेराची तारीख लिहायला कितीशी शाई लागते? सातपुड्याच्या पाड्यावरून येणाऱ्या आईला तर ते कार्डही वाचून दाखवावं लागेल.

— एक आजोबा, चोपडा (जि. जळगाव)