नानांचं १४७१

प्रिय बंडू,

तुझ्या दोन्ही पत्रांची उत्तरं थकली आहेत, शिव्या घाल. तब्येत ठीक, गुडघा होता तसाच. लिहायला बसलो ते नानांमुळे. तुमच्या घोरपडे कुळवृत्तांताचं मुखपृष्ठ त्यांनी पाठवलंय. त्यावर ठळक अक्षरांत ‘इ. स. १४७१ पासून’!

हे साल मुधोळच्या घोरपड्यांच्या कथेतलं: कर्णसिंहाने घोरपडीला दोर बांधून खेळणा (म्हणजे विशाळगड) सर केला. बहमनी सुलतानाने मुलाला, भीमसिंहाला, ‘राजा घोरपडे बहाद्दर’ किताब आणि मुधोळ दिलं. हे सारं मुधोळच्या फर्मानांवर उभं, आणि ती अस्सल आहेत का यावरच इतिहासकार भांडतात. घोरपड माणसाचा भार पेलते का यावर आपणही हॉस्टेलात भांडलोय. तू हरला होतास.

दंतकथा खुशाल छापा, ‘असं सांगतात’ म्हणून. काळजी आहे ती पुरावा म्हणून जोडलेल्या पाटीलकीच्या मोडी कागदाची. ‘सन इहिदे सबैन’ स्वच्छ आहे, म्हणजे शुहूर सनाचं (जुन्या कागदांतली, अरबी शब्दांत आकडे लिहायची कालगणना) एकाहत्तर. पुढे घडीवर कागद विरलाय. नानांनी तिथे ‘समान मया’ म्हणजे आठशे धरलं, ८७१ केले, वर ६०० मिळवले, झालं १४७१! फोटो मोठा करून बघ, काठावर ‘व अ’ शिल्लक आहे. ते ‘व अलफ’, म्हणजे आणि हजार, सन १०७१. शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, नंतर ६००. आलं १६७०-७१. दोनशे वर्षं गेली की रे! शिवाय शिक्का-मोर्तबाचे ठसे नाहीत, त्यांच्या जागी नुसते शब्द लिहिलेत. म्हणजे ही नक्कल.

मुधोळशी रक्ताचं नातंही आडनावावर लावू नका. इचलकरंजीचे घोरपडे मूळचे जोशी. नारो महादेवांनी संताजी घोरपड्यांच्या पदरी राहून धन्याचं आडनाव घेतलं. आणि मुधोळकरच व्हायचं असेल, तर जिंजीला १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद करणारे बाजी घोरपडेही नानांनी पदरात घ्यावेत!

पाटीलकीला इनाम जमीन होती ना? मग पुण्याच्या पुराभिलेखागारात तालुका आणि गाव सांगून इनाम कमिशनचे कागद मागा. १८५२ च्या कायद्याने इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागितले होते. तुमची कैफियत, म्हणजे हक्काची लेखी हकीकत, असलीच तर तिथे.

बदलीचं काय झालं? चिंगीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. नानांना तूच सांग, माझं ते ऐकायचे नाहीत, आणि मजकूर सोमवारी छापखान्यात जातोय.

तुझा,
दिन्या