विहिरीचा अहवाल विहिरीवरच लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काटोल तालुक्यातील आमच्या गावात पाण्याची पारख अजूनही जिभेवर होते. डाळ लवकर शिजली आणि साबणाला फेस आला, की ‘विहीर गोड आहे’ म्हणून लोक निर्धास्त होतात. परंतु त्यावरून फक्त पाण्याचा जडपणा कळतो. नायट्रेट आणि फ्लोराइड हे विरघळलेले क्षार घातक प्रमाणात असले तरी पाणी नितळ दिसते आणि चवीलाही चांगले लागते.

गावाचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, ते आवश्यकच आहे. मात्र त्याने जंतू मरतात, विरघळलेले क्षार जात नाहीत. घरोघरी पाणी उकळून पिण्याचा सल्ला दिला जातो, पण उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. आमच्या विहिरीच्या एका अंगाला उकिरडा आहे आणि दुसऱ्या अंगाला संत्र्याची बाग, जिला दर हंगामात युरिया पडतो; दोन्हींकडून नायट्रेट पाण्यात झिरपू शकते. अशा पाण्यात दुधाची पावडर कालवून सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाजली, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. फ्लोराइडचा त्रास सावकाश दिसतो: आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, आणि पुढे अनेक वर्षांनी आखडलेले सांधे.

तपासणी होत नाही, असे माझे म्हणणे नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे नमुना घेण्यास आलेल्या कर्मचाऱ्याने ग्रामपंचायतीसमोरच्या नळावर बाटली न विसळताच भरली आणि चिठ्ठीवर विहिरीचे नाव लिहिले. त्या नळाला दुसऱ्याच बोअरचे पाणी येते! पुढे अहवाल आला, तो कपाटातल्या फाइलमध्ये गेला. रोज त्या विहिरीवर घागर भरणाऱ्या बायांपर्यंत त्यातला एकही आकडा पोहोचला नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्यास शिकवण्याची तरतूद आहे. नमुना घेताना त्यांच्यापैकी एक जण हजर राहिली, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली गेली आणि चिठ्ठीवर तिची सही झाली, तर अशी चूक जागीच पकडली जाईल.

फ्लोराइड जास्त निघाले तरी उपाय आहे. तुरटी आणि चुना वापरून ते कमी करण्याची ‘नालगोंडा’ पद्धत आपल्या नागपूरच्याच ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने विकसित केली. पण आकडाच कळला नाही, तर उपाय मागणार कोण?

म्हणून जिल्हा परिषदेला माझी कळकळीची विनंती आहे, की प्रत्येक सार्वजनिक विहिरीच्या कठड्यावर तपासणीची तारीख, नायट्रेट व फ्लोराइडचे आकडे आणि शेजारी त्यांची मर्यादा ठळक मराठीत रंगवून घ्यावी. पावसाच्या झिरप्याबरोबर खत खाली उतरते, त्यामुळे उन्हाळ्यातील आकड्यावर विसंबून न राहता पावसाळ्यानंतरचा नमुनाही रासायनिक तपासणीस पाठवावा, आणि यंदापासूनच.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. नागपूर