चिकलठाण्याच्या काकांना, गाडीसाठी

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय की हे पत्र आधी काकांना मोठ्यानं वाचून दाखव. ते सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, कारण दिवाळी पाडव्याला गाडी दारात उभी राहिल्यापासून रोज कुणी ना कुणी विचारतं, ‘डॉक्टर, हीच कशी काय घेतली? कुणाला विचारलं होतं?’ नाव सांगू नका असं तुम्ही बजावलंय, ते मी पाळते. तुम्ही काय केलंत ते मात्र सांगणार.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, की काकांचं सगळं आयुष्य एस.टी.च्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेलं. इंजिन उघडायचं, बसवायचं, परत रस्त्यावर सोडायचं. चार वर्षांपूर्वी मी त्यांचा उजवा गुडघा बदलला. ओळख तेवढीच.

काका, मला गाडी चालवायला आवडतं. हे मी इतक्या वर्षांत कुणापुढे मोकळेपणानं म्हटलं नव्हतं. दर दुसऱ्या शनिवारी मी परभणीला ओपीडीला जाते, ड्रायव्हर न घेता. पहाटे जालना मागं पडलं, वाटूर आलं, मंठा आलं, की आठवडाभराचा शीण उतरतो. २०१० च्या ऑक्टोबरात आपल्या छत्रपती संभाजीनगरात एकाच दिवशी १५० मर्सिडीज आल्या, ६५ कोटींच्या. मी तेव्हा घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, निवासी डॉक्टर होते. वॉर्डातल्या सिस्टर्सपासून पेशंटच्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. आपणही एक दिवस मनासारखी गाडी घ्यायची, हे मी तेव्हाच ठरवलं. ते जमायला पंधरा वर्षं लागली. यंदा हॉस्पिटलचं कर्ज फिटलं आणि दीड कोटीपर्यंत जायची तयारी झाली.

पैसे तयार झाले आणि मी गोंधळले. जो तो म्हणे, मोठी, उंच गाडी घ्या, आपल्याकडचे रस्ते तसे आहेत. पळणारी गाडी हवी म्हटलं की समोरच्याचा चेहराच बदलायचा. ‘बाईमाणसाला एवढी ताकद कशाला लागते?’ एका शोरूममध्ये तासभर मी प्रश्न विचारत होते आणि उत्तरं माझ्या नवऱ्याला मिळत होती. त्याला गाडी चालवता येत नाही. तिथून बाहेर पडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, हे मी घरीसुद्धा बोलले नाही.

ऑगस्टमध्ये तुम्ही गुडघा दाखवायला आलात. टेबलावर बऱ्याच गाड्यांची माहितीपत्रकं पडली होती. तुम्ही ती चाळलीत आणि विचारलंत, ‘बाई, तुम्हाला गाडीत बसायचंय का गाडी चालवायचीय?’

मी म्हटलं, ‘चालवायचीय.’

‘मग ह्या दोन बाजूला ठेवा,’ म्हणालात, आणि दोन्ही उंच गाड्यांचे कागद माझ्याकडे सरकवलेत. उंच गाडी वळणावर कलते, वजनाला जड, ब्रेकला जास्त काम. ‘काहून घ्यायची?’ म्हणत तुम्ही उंच गाडीचा सल्ला दोन मिनिटांत मोडीत काढलात. माझी आवड खरी आहे असं धरून माझ्याशी बोलणारे तुम्ही पहिले. गाडीच्या सल्ल्याआधी मला आभार मानायचेत ते याचे.

त्यानंतरचे सहा रविवार तुम्ही मला दिलेत. शोरूमच्या काचेच्या दालनात तुम्ही आधी आलाच नाहीत. मागच्या बाजूला, जिथं गाड्या धुतात आणि दुरुस्त होतात, तिथं जाऊन पोरांबरोबर चहा घेतलात. ‘सगळ्यात जास्त काय घेऊन येतात लोक?’ एवढंच विचारलंत. सगळीकडे उत्तर एकच आलं: टायर, रिम आणि सस्पेन्शनचे बुश, म्हणजे धक्के झेलणारे रबरी भाग. इंजिनाचं कुणी बोललंच नाही. बारीक कडेच्या टायरला खड्ड्याचा मार बसला की बाजूला फुगा येतो, आणि तो टायर बदलण्यावाचून इलाज नसतो. म्हणून तुम्ही सांगितलंत की चाकाचा आकार दिसण्यासाठी वाढवू नका, आणि दोन जादा टायरचे पैसे आत्ताच बाजूला काढा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना स्टेपनी नसते, हे मला तोवर माहीतही नव्हतं.

मग चार जणांना बसवून आमच्या कॉलनीच्या गतिरोधकावरून प्रत्येक गाडी नेली. तुम्ही बाहेर वाकून बघत होतात, कुठं घासते. नंतर मागच्या सीटवर बसून उठायची परीक्षा, माझ्याच हातच्या गुडघ्यानं. खालच्या सीटवरून उठताना गुडघा जास्त वाकतो आणि सगळा भार मांडीच्या स्नायूवर येतो. मी पेशंटना रोज जे सांगते, ते गाडी निवडताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आई आता ७४ वर्षांची आहे, तिलाही याच गाडीतून न्यायचंय. एका गाडीत माझी स्वतःचीच बैठक जमेना. माझी उंची पाच फूट एक इंच. पॅडलपर्यंत पाय नीट पोचवायचा तर छाती स्टिअरिंगला भिडायची. एअरबॅग उघडायला छाती आणि स्टिअरिंग यांत २५ सेंटीमीटर तरी अंतर हवं. ती गाडी दिसायला सगळ्यांत सुंदर होती. तुम्ही म्हणालात, ‘माप नाही बसत, सोडा.’ सोडली.

बीएमडब्ल्यूच्या एम-टूवर मात्र माझा जीव अडकला होता, हे कबूल करते. सहा सिलिंडर, ४८० हॉर्सपॉवर, किंमत बजेटात. पण दारं दोन आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. फक्त विचारलंत, ‘बाई, कापसाच्या दिवसांत मंठ्याच्या पुढं रस्ता कसा असतो?’ मला लगेच दिसला तो रस्ता. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती आणि वरून भुरभुर पाऊस. त्या चिकट थरावर ताकद चारही चाकांत वाटली गेलेली बरी. ज्याला कोरडा रस्ता आणि दोनच माणसं एवढंच हवंय, त्यानं एम-टू जरूर घ्यावी. इतकी जिवंत गाडी मी दुसरी चालवलेली नाही.

राहिल्या तीन. आपल्या शेंद्र्यात ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात, म्हणून मला ओढ ऑडीची होती. पण मला हवी होती ती एस-फाइव्ह स्पोर्टबॅक तिथं होत नाही, ती पूर्ण तयार बाहेरून येते. अशा गाडीवर आयातशुल्क जवळपास गाडीच्या किमतीएवढं बसतं. म्हणजे त्या पैशातला मोठा भाग लोखंडात आणि रबरात येतच नाही. दुसरी मर्सिडीजची एएमजी सी-४३. २ लिटर, चार सिलिंडर आणि ४०२ हॉर्सपॉवर. इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या दांड्यावरच विजेची छोटी मोटर बसवलेली, त्यामुळे पाय दाबल्यावर टर्बो जागा व्हायची वाट बघावी लागत नाही. हे तंत्र फॉर्म्युला वनमधून आलंय. तुम्ही अर्धा तास ते समजून घेतलंत आणि म्हणालात, ‘ज्यानं हे केलं त्याला हात जोडायला पाहिजेत.’

मग तिसरीचं बॉनेट उघडलं. बीएमडब्ल्यू एम-३४०-आय. तुम्ही इंजिन सुरू करायला लावलंत, डोळे मिटलेत, तळहात मडगार्डवर टेकवलात आणि पुटपुटलात, ‘एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.’

मला कळेना. तुम्ही मलाही हात ठेवायला लावलात. ‘काय म्हणायलंय ते ऐका.’ मग सांगितलंत की एस.टी.तलं लेलँडचं इंजिनही सहा सिलिंडरचं, सगळे एका रांगेत, आणि ठिणगीचं नाही तर डिझेलचं, पण सिलिंडर पेटण्याचा क्रम हाच. एका रांगेत सहा असले की पिस्टनांचे हेलकावे एकमेकांना मारतात, थरथर बाहेर येतच नाही. चारात ती थोडी उरते, तिला दाबायला वेगळे दांडे फिरवावे लागतात. आयुष्यभर ज्या क्रमानं व्हॉल्व्ह लावले, तो क्रम तुम्हाला त्या नव्याकोऱ्या पेट्रोल इंजिनात भेटला होता. तुमच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्याचं हसू होतं. माझा निर्णय तिथंच झाला. पुढचं सगळं मी फक्त तपासून घेतलं.

तपासण्यासारखंही होतं म्हणा. ३ लिटर, ३७४ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटरची ओढ (टॉर्क), शून्यापासून शंभर ४.४ सेकंदांत. चारही चाकांना ताकद, चार दारं. २०२१ मध्ये आली तेव्हापासून चेन्नईला जोडली जाते, त्यामुळे बजेटच्या बरीच आत बसली. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असला तरी तिथं मर्यादा १२० चीच, मग ही ताकद वापरायची कुठं, असं मी विचारलं होतं. तुमचं उत्तर मी आता दर शनिवारी अनुभवते. जिंतूरच्या दुपदरी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं असतो. तो ओलांडताना आपण समोरून येणाऱ्याच्या बाजूला असतो. तिथं जितके कमी सेकंद, तितकं बरं. आणि ‘शंभरला किती सेकंदांत जाते हे सगळे सांगतात, शंभरावरून किती फुटांत थांबते ते विचारा,’ हे तुमचं वाक्य मी ऑपरेशन थिएटरमध्येही सांगितलंय.

कागदांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस, म्हणजे वरचा अधिभार, जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी झाला. माझ्या गाडीवर आधी तो सेस धरून ४८ होता. पेपरात बातमी वाचून तुम्ही घाईघाईनं फोन केलात, ‘बाई, सही करू नका, थांबा.’ त्या एका फोनचे किती लाख वाचले ते मी तुम्हाला सांगितलंय. रस्ता कराचं माझ्या सीएनं पाहिलं. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर २० टक्के, स्वतःच्या नावावर अशा पेट्रोल गाडीला १३. गाडी माझ्या नावावर आहे. आमच्या घरातली माझ्या एकटीच्या नावावरची ही पहिली गाडी.

उरलेल्या पैशाचं काय करावं, हे विचारायला आले तेव्हा वाटलं होतं, मुदत ठेव सांगाल. तुम्ही म्हणालात, ‘आमच्याकडं ड्रायव्हर शिकल्याशिवाय बस हातात देत नव्हते. तुम्ही पण शिका.’ वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला हे ऐकवायला धीर लागतो. मला ते लागलं नाही, उलट मान मिळाल्यासारखं वाटलं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर उन्हाळ्याआधी दोन दिवस जायचं ठरवलंय. ओल्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबला की काय होतं, ते शिकणार आहे.

तुमच्या हातात मी पाकीट ठेवलं, ते तुम्ही घेतलं नाहीत. साडी-धोतर घेऊन आले तर काकूंनी उलट माझीच ओटी भरली. म्हणून हे पत्र.

पहिले २००० किलोमीटर इंजिनाला ताण द्यायचा नाही, लांबून आल्यावर बंद करायच्या आधी मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं, टायर गार असतानाच हवा मोजायची. तुम्ही सांगितलेल्या या तिन्ही गोष्टी पाळतेय. समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर चढण्याआधी हवा तर नक्कीच मोजते. काल आकडा २००० च्या पुढं गेला.

येत्या शनिवारी परभणी आहे. सकाळी सहाला तुमच्या दारात येते. जालन्यापर्यंत समृद्धीनं जाऊ, जाताना मी चालवीन. जालन्याच्या पुढं रस्ता रिकामा असला तर स्टिअरिंग तुमच्याकडे. गुडघ्याची काळजी करू नका, तो माझ्याकडे आहे.

तुमची,
डॉक्टरबाई
छत्रपती संभाजीनगर