फाटकावरच्या आप्पांना

आप्पा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव त्या दिवशी विचारलं नाही. विचारायला मला तोंडच उरलं नव्हतं. आमच्याकडे अनोळखी वडीलधाऱ्याला नाना नाहीतर आप्पा म्हणतात, म्हणून आप्पा.

अमळनेर-धरणगावच्या मधलं तुमचं रेल्वेफाटक. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर माझ्या चुलतभावाचं लगीन होतं. बारा पस्तीसचा मुहूर्त. बसमध्ये आम्ही 46 जण, पुढे बँडवाल्यांचा टेम्पो, आणि ऊन असं की पत्र्याला हात लागला तर फोड यावा. तुम्ही फाटक लावलं तेव्हा गाडीचा पत्ताच नव्हता. "मुद्दाम लावतो हा," मामा म्हणाले, आणि अख्ख्या बसला ते पटलं. मग जळगावकडून कोळशाची मालगाडी रखडत आली. साठेक डबे. शेवटचा डबा सरकला तशी ड्रायव्हरनं बस चालू केली, मोटारसायकलवाल्यांनी हॉर्न दाबून धरले. तुम्ही मात्र कुलपाची किल्ली खिशात टाकून तसेच उभे.

मग मी उतरलो. हे एकदा लिहून टाकतो, कारण आमच्या घरात अजून "पोरं उतरली होती" असंच सांगतात. पोरं माझ्या मागून आली. मी तुमचं मनगट धरलं आणि दुसरा हात सरळ तुमच्या खिशात घातला. खिशाची शिवण टरकन उसवली. तुम्ही शिवी दिली नाही, हात उगारला नाही. खिशावर दंड दाबून धरलात आणि एवढंच म्हणालात, "भो, दुसरी ई ऱ्हायनी." म्हणजे दुसरी गाडी येतेय.

मला ती थाप वाटली. मालगाडीचा खडखडाट कानात भरलेला, आणि तिच्या शेपटाआड सुरतकडचा दुसरा रूळ दिसतच नव्हता. ती गाडी दिसली, आणि दिसली म्हणेपर्यंत समोरून गेलीसुद्धा. बँडवाल्यांच्या टेम्पोवरची झालर फडफडली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तुमचाच हात राहिला आहे. एक मनगट माझ्या मुठीत, आणि दुसऱ्या हातात ताठ धरलेली हिरवी झेंडी. मी ओढत होतो तेव्हाही ती खाली आली नाही.

गाडी गेल्यावर तुम्ही फोनवर काहीतरी बोललात, वहीत टिपलंत, मग चाक फिरवून दांडी उचललीत. बस हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणालात, "हळू काढा. नवरदेव शे ना मझार?" नवरदेव आत आहे ना, म्हणून. लगीन लागलं. वरण-बट्टी झाली, वांग्याची भाजी झाली. माझ्या घशाखाली काही उतरलं नाही.

भुसावळला रेल्वेत असलेल्या एका मित्राला पुढे मी हे सांगितलं. तेव्हा कळलं की स्टेशन मास्तर फोनवर गाडी सांगतो, तुम्ही फाटक लावून त्याला एक गुप्त नंबर द्यायचा, तो दोघांच्या वहीत चढतो, आणि त्या भरवशावर गाडी सुटते. शंभराच्या वेगातली गाडी ब्रेक लावल्यावरही थांबायला किलोमीटरभर घेते. म्हणजे समोर आमची बस दिसली असती तरी तिच्या ड्रायव्हरला भोंगा वाजवण्यापलीकडे फारसं काही करता आलं नसतं. मित्रानं मला रेल्वे कायद्याचं कलम 160 पण वाचून दाखवलं. बंद फाटक उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, तोडलं तर पाच. तुम्ही माझी तक्रार केली असती तर मी कृषी केंद्राऐवजी आत बसलो असतो.

त्यानंच कासगंजचं सांगितलं. 7 जुलै 2011, मध्यरात्र उलटलेली, उत्तर प्रदेशात अशीच वऱ्हाडाची बस, आणि मथुरा-छपरा एक्सप्रेस. 38 माणसं गेली. तिथं क्रॉसिंगवर माणूसच नव्हता. ब्रॉडगेजवरची तसली बिनमाणसाची फाटकं जानेवारी 2019 पर्यंत बंद झाली, तेव्हा मला वाटलं, सुटला विषय. मग 8 जुलै 2025 ला तमिळनाडूत कडलूरजवळ गाडीनं शाळेची व्हॅन उडवली, तीन मुलं गेली. तिथं फाटक होतं, गेटमनही होता. ती बातमी वाचली त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. हे पत्र तेव्हाच लिहायचं होतं, पण "आभारी आहे" एवढ्यावर पेन अडत होतं. आधी माफी मागायची होती, ती आता मागतो. माझं चुकलं, आप्पा.

मध्ये एकदा मी तिथं येऊन गेलो. फाटक गेलंय, खालून बोगदा केलाय. पाऊस पडला की त्यात गुडघाभर पाणी, आणि मग लोक म्हणतात, फाटकच बरं होतं. तुम्हाला शिव्या घालणारेही तेच, बरं का. तुमची बदली कुठं झाली म्हणून विचारलं, तर कोणी नंदुरबार सांगितलं, कोणी दोंडाईचा. तुमच्या कडुनिंबाखालचा माठ फुटून तिथंच पडलाय.

त्या दिवशी तुमच्या अंगात होता तसा फिकट निळा शर्टपीस जळगावहून शोधून आणून ठेवलाय. माप नाही म्हणून शिवायला टाकला नाही. कोणी हे वाचून तुम्हाला दाखवलं, तर तेवढं माप कळवा. खिशाला दुहेरी शिवण घालायला मी टेलरला आधीच सांगून ठेवलंय.

तुमचा,
बसमधून पहिला उतरलेला